शिट्टीमास्तर आणि मनाची कवायत

लोखंडी कपाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात सुरक्षा विभाग म्हणून जो काही होता तो जिन्याखालच्या एका खोलीत मावत असे, आणि त्या खोलीतलीही निम्मी जागा एकट्या शिट्टीमास्तरांनी व्यापलेली असे. उरलेल्या जागेत हेल्मेटे, विजोड हातमोजे आणि वाळूने भरलेल्या लाल बादल्या. या बादल्या आग विझवण्यासाठी आहेत, असे मास्तर प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी बजावत, आणि दुसऱ्याच दिवशी तो कामगार इतरांप्रमाणे त्यांत सिगारेटचे थोटूक खुपसून मोकळा होई. "आगच विझवतोय की, मास्तर," हे त्यावरचे सर्वमान्य उत्तर होते.

मास्तरांनी कोणत्याही शाळेत कधी शिकवले नव्हते. गळ्यातली शिट्टी आणि तोंडातल्या सूचना यांमुळे ही पदवी लोकांनी त्यांना थट्टेने बहाल केली होती, आणि त्यांनी ती गांभीर्याने स्वीकारली होती. पत्रा कापणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटावर मात करता करता उभे आयुष्य गेल्यामुळे त्यांच्या आवाजाला एकच पट्टी उरली होती. घरी जेवताना त्यांनी मीठ मागितले, तर शेजारीण वाटीत मीठ घेऊन दाराशी यावी, असा तो आवाज होता.

जगातल्या प्रत्येक संकटाला एक ठरलेला क्रम असतो, तो पाठ केला की निम्मे संकट टळते, हे त्यांचे तत्त्वज्ञान. "आणि उरलेलं निम्मं तुम्ही माझ्याकडे पाठवता," असे त्यांची पत्नी म्हणे.

आगीच्या सरावाचा क्रम कारखान्यात सर्वांच्या अंगवळणी पडला होता. शिट्टी तीनदा वाजली की हातातले काम टाकून पटांगणात जायचे. एकदा लांबलचक वाजली की सराव समाप्त. सरावात एक खोटा जखमी लागतो. ती भूमिका वर्षानुवर्षे हिशेबनीसांकडे होती, कारण ते कारखान्यातले सर्वांत वजनदार गृहस्थ होते, आणि ज्यांनी त्यांना उचलले ते पुढे कोणालाही उचलतील असा मास्तरांचा हिशेब होता. हिशेबनीसही कर्तव्यदक्ष. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या घोरू लागत आणि लांब शिट्टी वाजली की डोळे चोळत उठून बसत.

याच कारखान्यात कपाटांना दारे बसवण्याच्या विभागात मास्तरांचा धाकटा मेहुणा कामाला होता. त्याला मास्तरांनीच तेथे चिकटवले होते, आणि आपण या कारखान्यावर लादलेले हे एकमेव संकट आहे असे ते कबूल करत. त्याचे टोपणनाव गुदगुल्या. एकदा मोठे गिऱ्हाईक माल पाहायला आले असता त्यांनी उघडलेल्या पहिल्याच कपाटातून हा बाहेर पडला होता आणि "आत प्रशस्त आहे साहेब, मी दोन वर्षं राहतोय," असे सांगून चालता झाला होता. गिऱ्हाइकाने मालाची मागणी दुप्पट केली, म्हणून त्याची नोकरी राहिली.

तो कारखान्याजवळच दोन खोल्यांत एकटा राहत असे आणि दर रविवारी बहिणीकडे जेवायला येत असे. अलीकडे मात्र तो येईनासा झाला होता.

"अहो, याही रविवारी नाही आला," मास्तरांची पत्नी म्हणाली. "मी डबा घेऊन गेले तर दार उघडायलाच किती वेळ लावला. बोलता बोलता मध्येच थांबतो आणि भिंतीकडे बघत बसतो. तुम्ही जरा बोला त्याच्याशी."

"कोणाशी, गुदगुल्याशी?" मास्तर गरजले. "अगं, आज दुपारी त्याने आख्ख्या कँटीनला हसवून मारलं!"

"कँटीनला हसवतो म्हणून तर म्हणते. माझ्याशी हसत नाही."

मास्तरांनी हे म्हणणे नोंदवले आणि सवडीने पाहण्याच्या गोष्टींत जमा केले.

त्याच सुमारास व्यवस्थापकसाहेब कसल्याशा परिषदेहून परतले. अशा परिषदांहून ते काही ना काही घेऊन येतच. मागच्या वेळी एक रोपटे आणले होते, ते वाळले. या वेळी त्यांनी 'मन' आणले. कामगाराचे मन हेच खरे यंत्र, आणि त्याला तेलपाणी करणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य, असे त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितले.

"शरीराची सुरक्षा तुमच्याकडे आहेच," ते म्हणाले, "मनाचीही घेऊन टाका." आणखी एक बादली देऊन टाकावी, इतक्या सहजपणे त्यांनी हे म्हटले.

शिकवण्यासाठी एक प्रशिक्षिका आल्या. त्यांचा आवाज इतका मृदू होता, की यंत्रांपाशी आयुष्य काढलेली मंडळी त्यांच्या ओठांकडे बघून अर्थ लावत होती. त्यांनी सर्वांना डोळे मिटून एक शांत तळे मनात आणायला सांगितले. तळे इतके शांत निघाले की मागच्या बाकांवरून घोरण्याचे आवाज येऊ लागले.

"तुम्हाला काय अनुभव आला?" त्यांनी वेल्डिंगच्या फोरमनला विचारले. या फोरमनला सारे ठिणगी म्हणत.

"बाई, मला पोहता येत नाही. मी काठावरच बसून होतो."

बाई मनापासून हसल्या आणि मग मुद्द्यावर आल्या. सोबतचे माणूस आतून खचते आहे अशी शंका आली, तर काय करावे? लक्ष द्या, विचारा, ऐका, मदतीपर्यंत सोबत जा. एवढे ऐकताच मास्तरांची कळी खुलली. मनालाही क्रम होता तर! त्यांनी तत्काळ हात वर केला.

"ऐका म्हणजे किती वेळ ऐकायचं?"

"समोरचं माणूस बोलेल तोवर."

"अंदाजे?"

"त्याला अंदाज नसतो, सर."

"बरं, आणि सल्ला कोणत्या टप्प्यावर द्यायचा?"

"सल्ला द्यायचाच नाही."

मास्तरांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली होती. बाई पुढे म्हणाल्या, "आणि एक प्रश्न कधी गाळू नका. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्यामुळे तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. आधीच शिरलेला असेल, तर निदान तो कोणाला तरी सांगता येतो."



बाई गेल्यानंतर दर महिन्याला कँटीनमध्ये या क्रमाचा सराव घ्यायचा असे ठरले. व्यवस्थापकसाहेबांनी मास्तरांचा आराखडा वाचला, मान डोलावली आणि शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवले.

"एवढं सगळं छान चाललंय, त्यात हे कशाला? वातावरण बिघडतं."

"बाई म्हणाल्या होत्या, गाळू नका."

"बाई गेल्या, मास्तर. वातावरण इथेच आहे."

मास्तरांनी प्रश्न गाळला. वरिष्ठांची सूचना हीदेखील त्यांच्या लेखी सुरक्षेचीच बाब होती.

आता खोटा खचलेला माणूस हवा होता. हिशेबनीसांना विचारले, तर ते खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले. ते खचल्यासारखे मुळीच दिसत नव्हते. उलट त्यांना पाहून इतरांना खचल्यासारखे वाटू लागले. तेव्हा मागून आवाज आला, "भावोजी, मी बसतो." गुदगुल्याच तो. मास्तरांना आनंद झाला. आपल्या माणसाने स्वतःहून कामाला पुढे येणे ही त्या घराण्यात नवलाची गोष्ट होती.

मास्तरांनी संवाद स्वतः रचले होते. गुदगुल्याने कँटीनच्या मध्यभागी खुर्चीवर बसून म्हणायचे होते: "गेले काही दिवस माझे चित्त थाऱ्यावर नाही." हे ऐकून लोक पोट धरून हसले. गुदगुल्याही हसला. मग त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. समोर मदतनीस म्हणून बसलेल्या ठिणगीने, पंक्चरवाल्याने चाकाची चौकशी करावी त्या सुरात विचारले, "बोला, काय होतंय?"

"सकाळी बूट घालायला बसतो," गुदगुल्या म्हणाला. "एक घालतो. मग दुसरा हातात घेऊन बसून राहतो. कंटाळा नसतो. तो कशाला घालायचा, तेच आठवत नाही. मग कोणीतरी खिडकीखालून हाक मारतं, 'काय रे गुदगुल्या, उठलास का?' की मी काहीतरी विनोद करतो. तेवढ्यावर दिवस निघतो."

मास्तरांनी लांब शिट्टी वाजवली, सराव समाप्त, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. गुदगुल्याने उठून कमरेत वाकून नमस्कार केला. "लेका, तू तर नाटकात जायला पाहिजेस," असे म्हणत ठिणगीने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला, की खऱ्या जखमीचीच सोय व्हावी.

त्या दिवशी मास्तर छाती फुगवून घरी गेले आणि पत्नीला सारे साभिनय सांगितले. ती हातातले काम थांबवून ऐकत होती.

"अभिनय?" ती म्हणाली. "त्याला? अहो, शाळेच्या नाटकात त्याला झाड केलं होतं. नुसतं उभं राहायचं होतं. तेसुद्धा त्याला धड जमलं नाही; सारखं आईकडे बघून हात हलवत होता."

"माणूस सुधारतो."

"माणूस सुधारतो, अभिनय नाही सुधारत. तुम्ही साऱ्या कारखान्याला विचारता, काय होतंय म्हणून. माझ्या भावाला तेवढं विचारलं नाहीत."

"ठिणगीने विचारलं ना! सर्वांसमक्ष!"

यावर ती काही बोलली नाही. संसारात अशी शांतता पसरली, की मास्तर तिचा अर्थ संमती असा घेत. ती त्यांची जुनी चूक होती.

दुसऱ्या सरावाला गुदगुल्या पुन्हा हजर झाला. या वेळी तो अधिक वेळ बोलला, हळू बोलला, आणि रंगखात्यातल्या दोघांनी डोळे पुसले. पुढे कोणीतरी दुसऱ्याला बसवायचे सुचवले, तर गुदगुल्या चटकन म्हणाला, "नको, मीच बसतो. मला बरं वाटतं." मास्तरांना ही कामावरची निष्ठा वाटली. निष्ठेच्या बाबतीत ते चौकशी करत नसत.

कीर्ती मुख्य कार्यालयापर्यंत पोहोचली आणि मोठे साहेब पाहुण्यांसह सराव पाहायला आले. कँटीनची टेबले घासून काढली होती. चहा बशीसकट मिळणार होता, हे त्या कारखान्याच्या इतिहासात प्रथमच घडत होते. व्यवस्थापकसाहेबांनी स्वागतपर भाषण केले, त्यात 'मन' हा शब्द इतक्या वेळा आला की त्याचा अर्थ निघून गेला.

मग गुदगुल्या खुर्चीवर बसला. ठिणगीने प्रश्न विचारला. गुदगुल्या बोलला, पण थोडेच. "आता विनोदही सुचत नाहीत," तो म्हणाला. "लोक हसतात ते सवयीने. मी गप्प बसलो तरी हसतात." पाहुणे हसले. ठिणगीने ठरल्याप्रमाणे ऐकण्याचा चेहरा केला. मास्तरांनी लांब शिट्टी वाजवली.

टाळ्या झाल्या. गुदगुल्या उठला नाही.

त्याने वाकून नमस्कारही केला नाही. तो गुडघ्यांवर हात ठेवून तसाच बसून राहिला. "वा, काय तन्मयता," मोठे साहेब म्हणाले आणि चहाकडे वळले. व्यवस्थापकसाहेबांनी मास्तरांच्या कानाशी येऊन दात न उघडता म्हटले, "पुरे म्हणावं आता." मास्तरांनी पुन्हा एकदा शिट्टी वाजवली. खोटा जखमी लांब शिट्टीला उठतो. हिशेबनीस गाढ झोपेतूनही उठत. हा उठत नव्हता.

मास्तर जवळ गेले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते कोणाजवळ काय सांगायचे हे ठरवल्याशिवाय गेले.

"संपलं रे," ते म्हणाले. "चहा घे."

"भावोजी," गुदगुल्या त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही शिट्टी वाजवली की थांबायचं हो ते. दोन वेळा थांबलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं. म्हणून तर मी बसायचो. आज थांबत नाहीये."

मास्तरांना पत्नीचे शब्द आठवले, झाड आठवले, आणि आपण महिनोन्‌महिने काय करत होतो ते एकदम उमगले: घरातल्याच माणसाच्या दुखण्याला आपण टाळ्या मिळवून देत होतो. पुढचा टप्पा कोणता? विचारा. काय विचारायचे तेही त्यांना ठाऊक होते. जो प्रश्न त्यांनी स्वतःच्या हाताने गाळला होता, तोच.

आवाज उतरवण्याचा त्यांनी प्रयत्न केला असावा. पण एका पट्टीच्या गळ्याला दुसरी पट्टी ऐन वेळी कोठून सापडणार?

"जीव द्यावासा वाटतो का रे तुला?"

हा प्रश्न कँटीनमध्ये, भटारखान्यात आणि बहुधा फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेला. मोठ्या साहेबांचा कप बशीवर किणकिणला. कोणीतरी बिस्किट चहात बुडवून ठेवले होते, ते तुटून आत पडले.

गुदगुल्याने हळूहळू मान वर केली. "हळू की, भावोजी," तो पुटपुटला. "मोठे साहेब ऐकताहेत." आणि मग, "येतो विचार. रोज नाही. पण येतो."

व्यवस्थापकसाहेब लगबगीने पुढे आले. "मास्तर, हे सरावात होतं का?"

"नव्हतं, साहेब. तुम्ही काढायला लावलंत."

"मग आता हे काय चाललंय?"

"सराव नाही चाललेला."

मास्तरांनी सभोवार पाहिले. साठसत्तर डोळे त्या खुर्चीवर खिळले होते. एवढ्या गर्दीत कोण काय बोलणार? गर्दी हटवण्याची एकच रीत त्यांना अवगत होती. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि तीनदा वाजवली.

सवय ही मोठी चीज आहे. का, कशाला, असे कोणीही विचारले नाही. ठिणगीने "चला, चला, रांगेने!" म्हणत हात पसरले, कामगार निघाले, आणि मोठे साहेब, पाहुणे व व्यवस्थापक त्या लोंढ्यात कपबशा सांभाळत पटांगणात वाहून गेले. हिशेबनीस सवयीने आडवे होण्यासाठी जागा शोधत होते. त्यांना दोघांनी दंडाला धरून चालवत नेले. बाहेर उन्हात सर्वजण कसलाही धूर नसलेल्या इमारतीकडे बघत उभे राहिले, आणि मोठ्या साहेबांनी असे म्हटल्याचे सांगतात, की इतकी शिस्त आपण कुठेच पाहिली नाही.

आत मास्तरांनी खुर्ची ओढली. ओठांवर सल्ला आला होता: सकाळी लवकर ऊठ, फिरायला जा, कोमट पाणी पी, लग्न कर. त्यांनी तो एकेक करून गिळला. गिळण्याचा सराव नसल्यामुळे त्यांना ठसका लागला.

"कशामुळे होतंय रे हे?" एवढेच त्यांनी विचारले.

"तेच तर. कारण असतं तर सांगितलं नसतं का? पैसे आहेत, नोकरी आहे, ताई आहे, तुम्ही आहात. कारण काही नाही, म्हणूनच लाज वाटते."

"मी आहे हे कारणात धरू नकोस," मास्तर म्हणाले. "मी तुला खुर्चीत बसवलं आणि शिट्टी वाजवत राहिलो."

"छान वाजवता पण," गुदगुल्या म्हणाला, आणि रडू लागला. शाळेतल्या त्या झाडाला जमले नसते असे रडला. मास्तर नुसते बसून राहिले. काही न करता बसणे इतके कष्टाचे असते, हे आजवर त्यांना कोणत्याच प्रशिक्षणाने सांगितले नव्हते.

बाहेरची माणसे कंटाळून परतेपर्यंत ते तसेच होते. मग मास्तरांनी पत्नीला फोन लावला. "तुझं खरं होतं," एवढे एकच वाक्य बोलले. ती निघाली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत तिघे सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांच्या दाराशी बाकावर ओळीने बसले होते. गुदगुल्या मध्ये होता. पत्नीने त्याचा हात धरला होता. मास्तरांनीही दुसरा हात धरला, पण असा, की पहारेकऱ्याने चोर पकडून आणल्यासारखे दिसत होते.

"सोडा हो, पळून नाही जात," गुदगुल्या म्हणाला.

"पेशंट कोण?" आतून विचारणा झाली. परिचारिकेने आधी मास्तरांकडेच बघितले, आणि याबद्दल त्यांच्या पत्नीला पुढे बरेच दिवस पुरेल इतका आनंद झाला.

औषधे सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितले की हे दुखणे आहे, नाटक नाही आणि आळसही नाही, वेळ लागेल, आणि काही दिवस याला एकटे ठेवू नका. त्याने काही आठवडे बहिणीकडे काढले, नंतर आपल्या खोल्यांत परत गेला, पण या अटीवर, की मास्तर रोज संध्याकाळी चक्कर मारतील. काही दिवस बरे जात, काही वाईट. वाईट दिवशी तो दार उघडायला वेळ लावी, आणि मास्तर बाहेर उभे राहून थांबत. हाक मारत नसत, कारण त्यांची हाक म्हणजे सगळ्या गल्लीला आमंत्रण.

कारखान्यात व्यवस्थापकसाहेबांनी विचारले, पुढच्या सरावाला नवा माणूस कोण? मास्तर म्हणाले, कोणी नाही. गाळलेला प्रश्न पुन्हा आराखड्यात घातला आहे आणि आता खोटा माणूस बसवायचा नाही. "मग पाहुण्यांना दाखवायचं काय?" साहेबांनी विचारले. मास्तरांनी बराच विचार करून सांगितले, "कपाटं दाखवा."

संध्याकाळच्या त्या भेटींत मास्तर बहुतेक गप्प बसत. बाईंनी सांगितल्याप्रमाणे ऐकत. पण गुदगुल्याही नेहमी बोलत नसे, आणि मग दोघेही समोरासमोर ऐकत बसत, कोणीच काही न बोलता. एकदा गुदगुल्या म्हणाला, "भावोजी, तुम्ही असे गप्प बसता ना, मला भीती वाटते. आजारी मी आहे की तुम्ही? एखादा सल्ला तरी द्या."

"चालेल?" मास्तरांचे डोळे लकाकले.

"एकच."

मास्तर ताडकन उभे राहिले. जणू धरणाचे दार उघडले. शेगडी खिडकीपाशी, खिडकीला हा नायलॉनचा पडदा, वारा आला की पडदा आत येतो, ज्योत वर जाते, आणि त्यात तू दूध ठेवून आतल्या खोलीत जातोस. जळालेल्या घरांपैकी कितीतरी घरे अशीच जळतात. आधी काय पेटते, मग काय पेटते, मग माणूस कुठे अडकतो, हे सगळे त्यांनी क्रमाने, हातवारे करून, पूर्ण आवाजात सांगितले. समोरच्या घरातल्या बाईंनीही ऐकले आणि आपली शेगडी सरकवली. गुदगुल्या हनुवटी तळहातावर ठेवून ऐकत होता.

दुसऱ्या संध्याकाळी मास्तर गेले, तेव्हा दार लगेच उघडले. शेगडी भिंतीकडे सरकवलेली होती आणि पडदा काढून घडी करून ठेवला होता. गुदगुल्या बनियनवर उभा होता, आणि खिडकी उघडीबोडकी होती.

"सुरक्षित वाटतंय का?" मास्तरांनी विचारले.

"मला वाटतंय," गुदगुल्या म्हणाला. "पण समोरची बाई आता मला दिवसभर बनियनमध्ये बघते. तिच्या मनाच्या आरोग्याचं काय करायचं, भावोजी?"